दहा बाय दहाचा संसार

मुंबईत एका खोलीत संसार थाटण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि पुढची शंभरेक वर्षे शहरातली बहुसंख्य माणसे तशीच राहिली. १९२१च्या जनगणनेनुसार शहरातली सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एका खोलीच्या घरांत होती. ही खोली साधारणपणे दहा फूट रुंद आणि दहा ते बारा फूट लांब असे. तिच्यात पाच-सहा माणसांचे कुटुंब राही, कधी त्याच्या जोडीला गावाकडून आलेला भाऊ, भाचा किंवा पोटभाडेकरू. एवढ्या जागेत माणसे राहिली कशी, याचे उत्तर खोलीच्या चार भिंतींत पुरते सापडत नाही. घराची निम्मीअधिक कामे खोलीबाहेर उरकली जात: गॅलरीत, नळावर, खानावळीत, गिरणीच्या पाळ्यांच्या वेळापत्रकात आणि गावच्या घरात. हा बाहेरचा आधार जोवर होता तोवर लहान खोली चालली. तो सुटत गेला तसा खोलीचाही इतिहास पालटला.

गिरण्या आणि खोल्या

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. त्याआधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून शहरात बँका, पेढ्या आणि इमारतींचे पेव फुटले. युद्ध संपताच बाजार कोसळला, पण गिरण्या वाढतच राहिल्या. शतकाअखेर त्यांची संख्या ऐंशीच्या आसपास पोचली. ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, नायगाव, शिवडी हा सारा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला.

कामगार मुख्यतः कोकणातून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरून, सातारा-पुण्याकडून आले. गिरणीचा भोंगा पहाटे होई आणि रोज गाडीभाडे भरणे पगारात बसत नसे. त्यामुळे बिऱ्हाड गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे भाग होते. गिरण्यांभोवतीच्या जमिनीला या गरजेने किंमत आली. जागामालकाच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची बांधणी म्हणजे एका रांगेत सारख्या मापाच्या खोल्या, त्यांच्यापुढून जाणारी लांब लाकडी गॅलरी, टोकाला जिना आणि प्रत्येक मजल्यावर एकत्र संडास. खोली हे भाड्याचे माप झाले. जितक्या खोल्या तितकी भाडी, म्हणून खोली शक्य तितकी लहान ठेवायची आणि भाडेकरूंना सामाईक ठेवता येईल ते सगळे खोलीबाहेर काढायचे, असा हिशेब होता.

पाणी आणि मैला यांच्या व्यवस्थेनेही हीच रचना पक्की केली. विहार तलावाचे पाणी १८६०च्या सुमारास आणि तानशाचे १८९२ मध्ये शहरात आले, पण घरोघरी नळ देणे खर्चाचे होते. चाळीला एक-दोन सामाईक नळ मिळत. संडास सुरुवातीला टोपलीचे होते. मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांना ये-जा करता यावी म्हणून ते इमारतीच्या मागच्या अंगाला, घाणगल्लीच्या बाजूला बांधत. पुढे सांडपाण्याच्या नळ्या आल्या तरी संडास मजल्याच्या टोकालाच राहिले, कारण एकच नळ खाली उतरवणे स्वस्त पडे.

सगळ्या चाळी कामगारांच्या नव्हत्या. गिरगाव, ठाकूरद्वार, दादर या भागांत कारकून, शिक्षक, छापखान्यातले नोकरदार यांच्या चाळी होत्या. तिथे बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर अशा दोन खोल्यांचे बिऱ्हाड बरेचदा असे. पण नळ, संडास आणि गॅलरी तिथेही सामाईकच होती.

प्लेग, ट्रस्ट आणि बीडीडी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ शहरभर पसरली, लोक हजारोंच्या संख्येने गावी पळाले आणि गिरण्या ओस पडू लागल्या. दाट वस्ती, अंधार आणि कोंदटपणा यांच्याकडे सरकारचे लक्ष वेधले गेले. १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि विस्थापितांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. आग्रीपाडा, नागपाडा, परळ आदी ठिकाणी ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. ट्रस्टचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या पायथ्याशी उजेड पोचायचा तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर मोकळे हवे, असा त्याचा अर्थ. खोलीचे क्षेत्रफळ मात्र या सुधारणेने वाढवले नाही. ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, ही टीकाही त्याच्यावर त्याच काळात झाली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई पराकोटीला पोचली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. ६२५ चाळींत ५०,००० खोल्या बांधण्याची त्याची योजना होती आणि खर्चाचा एक भाग शहरात येणाऱ्या कापसावरच्या उपकरातून उभा करायचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असे हे गणित. लाकडी गॅलरीऐवजी इथे मधून जाणारा बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या आल्या. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे. भाडे गिरणी कामगाराला जड होते आणि काही वस्त्या गिरण्यांपासून लांब पडत, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. नंतर मात्र शहर वाढले, खोल्या भरल्या आणि ‘बीडीडी’ ही तीन अक्षरे मुंबईच्या बोलीत कायमची रुळली.

पुरुषांची खोली

१९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रिया होत्या. कामगार बहुधा एकटा येई. बायको-मुले, म्हातारे आईबाप आणि शेती गावाकडेच राहत. म्हणून गिरणगावातल्या पुष्कळ खोल्या कुटुंबाच्या नव्हत्या, गड्यांच्या होत्या. एका गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त जण मिळून एक गाळा घेत. कुठे त्याला गावकीची खोली म्हणत, कुठे बैठकीची. भाडे वाटून द्यायचे, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. गावाहून नवा पोरगा आला की तो थेट या खोलीत येई आणि खोलीतल्याच कोणाच्या तरी ओळखीने जॉबरपुढे, म्हणजे गिरणीत माणसे भरती करणाऱ्या मुकादमापुढे, उभा राही.

इतकी माणसे त्या जागेत एकाच वेळी झोपू शकत नव्हती आणि तशी झोपतही नव्हती. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्यावर खोलीही पाळ्यांत चालू लागली. रातपाळीचे लोक सकाळी येऊन पडत, तेव्हा दिवसपाळीच्यांच्या वळकट्या भिंतीला लागलेल्या असत. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची, जिन्याचे चौक आणि फुटपाथ यांवर अंथरुणे पसरत. पावसाळ्यात अडचण व्हायची, पण पेरणीसाठी अनेकजण त्याच सुमारास गावी गेलेले असत. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला कोकणातली माणसे गेली की खोली पुन्हा रिकामी होई. अशा रीतीने एका खोलीवरचा भार दिवसाच्या तासांत आणि वर्षाच्या महिन्यांत वाटला जात होता.

या खोल्यांत चूल क्वचितच पेटे. जेवणाची सोय खानावळीत होती आणि खानावळ म्हणजे शेजारच्या चाळीतली दुसरी एक खोली. एखादी बाई, बरेचदा विधवा किंवा कामावरून कमी झालेल्या गिरणी कामगाराची बायको, वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधी. पैसे महिन्याच्या पगाराला. संपात पगार थांबला तरी जेवण थांबवता येत नसे. मग ती बाई दागिना गहाण टाकून किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून चूल चालू ठेवी. याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्याचा मार्ग काढला. ज्या खोल्यांत स्वयंपाकघर नव्हते, त्यांचे स्वयंपाकघर या बायका चालवत होत्या.

गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी हीच सोय कूड या संस्थेच्या रूपाने केली. धोबीतलाव आणि आसपासच्या भागांत गोव्यातल्या एकेका गावाचा स्वतंत्र कूड असे. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत असे अनेक कूड होते. बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक यांना दोन सफरींच्या मध्ये राहायला स्वस्त जागा हवी असायची. भिंतीकडेने ओळीने मांडलेल्या पेट्या, एका बाजूला वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि गावकऱ्यांनीच घातलेले नियम, असे कूडाचे स्वरूप. सभासद बोटीवर गेला तरी त्याची पेटी तिथेच राही. घरातली माणसे बदलत, पेट्यांची रांग तशीच असे.

कुटुंबाची खोली

कुटुंब आले की खोलीची मांडणी बदले. दारातून आत शिरताच एका कोपऱ्यात मोरी असे. दोन-अडीच फूट लांबी-रुंदीची, कठड्याने अडवलेली ही जागा भांडी घासायला, धुणे आपटायला, पोरांना आंघोळ घालायला आणि अडीनडीला लघवीला वापरात येई. मोरीशेजारी पाण्याचे पिंप, त्यावर झाकण आणि झाकणावर कळशी. पिण्याचे पाणी वेगळे, हंड्यात किंवा माठात. मोरीला लागून स्वयंपाकाचा कोपरा: आधी चूल किंवा कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टो. वर भिंतीला ठोकलेली मांडणी, तिच्यावर उतरत्या क्रमाने लावलेले डबे आणि ताट-वाट्या. त्याच्याही वर लाकडाची फळी, जिच्यावर वर्षाचे तांदूळ, सरपण, पाहुण्यांची अंथरुणे आणि गणपतीचे मखर. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी किंवा दांडी, वाळत घालायच्या कपड्यांसाठी.

जमीन मात्र मोकळी ठेवावी लागे, कारण दिवसभरात तिचेच सर्वांत जास्त उपयोग होत. सकाळी ती स्वयंपाकाची, दुपारी निवडण्या-टिपण्याची, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाची, रात्री पंगतीची आणि मग अंथरुणांची. एकच खाट असली तर ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाची किंवा आजाऱ्याची, खाटेखाली ट्रंका. बाकीच्यांचे बिछाने सकाळी गुंडाळून खाटेवर जात. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. पुढे मध्यमवर्गीय खोलीत असे कपाट आले, तेव्हा ते बऱ्याच घरांत आडवे लावून स्वयंपाकाची बाजू आणि बसायची बाजू यांच्यामधली भिंत म्हणून वापरले गेले.

जुन्या चाळींच्या खोल्या लहान असल्या तरी उंच होत्या. या उंचीचा उपयोग पोटमाळ्यासाठी झाला. निम्म्या खोलीवर लाकडी तक्तपोशी टाकून, उभी शिडी लावून वर झोपायची जागा काढता येई. पोटमाळ्यावर ताठ उभे राहता येत नसे, पण झोपायला आणि वाचायला ताठ उभे राहण्याची गरजही नसते. घरात लग्न झाले की पोटमाळा नवदांपत्याकडे जाई आणि बाकीचे खाली सरकत.

जागेची वाटणी वेळेने कशी होई याचे एक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत सापडते. त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, सामान, झोपणे सारे तिथेच. अभ्यासाला शांतता मिळणे अवघड. त्यावर वडिलांनी, सुभेदार रामजी सकपाळांनी, उपाय काढला. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण आडवे व्हायचे. एकाच अंथरुणाच्या या दोन पाळ्यांतून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे या कुटुंबाने परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. १९३०च्या दशकात दादरला ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत आंबेडकरांचे बिऱ्हाड तिथेच होते.

खोलीबाहेरचे घर

चाळीत दिवसाची सुरुवात नळाने होई. पाणी ठरावीक वेळी, अनेकदा पहाटे येई आणि त्या तासा-दोन तासांत दिवसभराचा साठा करावा लागे. हंडे-कळश्यांचा नंबर लागे. नंबरावरून भांडणे होत आणि भांडण मिटवायला चाळीतली वडीलधारी मंडळी मध्ये पडत. संडासासाठीही रांग असे, हातात टमरेल. कामावर जाणाऱ्यांना आधी सोडायचे, बायका आणि म्हाताऱ्यांनी गर्दी ओसरल्यावर जायचे, असे अलिखित संकेत मजल्यामजल्यावर होते.

गॅलरी ही चाळीची सर्वांत उपयोगी जागा होती. तीन-चार फूट रुंदीची ही पट्टी म्हणजे येण्याजाण्याचा रस्ता, मुलांचे अंगण, म्हाताऱ्यांची बैठक, धान्य निवडायची जागा आणि रात्री झोपायची खोली. दारे दिवसभर उघडी असत. दारावर फार तर एक पडदा. यामुळे लहान मुलांवर नजर ठेवायला वेगळे माणूस लागत नसे, आजाऱ्याला हाक मारली तर ऐकू जाई आणि परक्या माणसाला न विचारता मजला ओलांडता येत नसे. गच्चीवर पापड-कुरडया वाळत, चौकात लग्नाची पंगत बसे. लग्नाच्या वेळी शेजारच्या तीन-चार खोल्या रिकाम्या करून पाहुण्यांना देण्याची पद्धत होती. एकट्या खोलीला जे जमणार नाही ते मजला मिळून करत होता.

सण-उत्सवही याच जागेत मावले. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मुंबईतला तो सर्वांत जुना मानला जातो. चाळ कमिटी, वर्गणी, व्याख्यानमाला, नाटके, कॅरमचे सामने हा त्यापुढचा विस्तार. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा मजल्यावरच्या एखाद्याच घरात टीव्ही असे आणि रविवारच्या चित्रपटाला सारा मजला त्या घरात जमे. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नंतर त्यांनी ते रंगमंचावर एकपात्री सादर केले. चाळीची संस्कृती मराठी वाचक-प्रेक्षकांच्या मनात पक्की बसवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. सई परांजपे यांचा ‘कथा’ हा १९८३चा हिंदी चित्रपटही चाळीतच घडतो.

या सोयीची किंमत

खोली चालली याचा अर्थ ती चांगली होती असा नव्हे. धूर, ओल आणि दाटी यांनी क्षयाला आमंत्रण दिले. १९२०च्या दशकातल्या आरोग्य अहवालांत एका खोलीच्या घरांतला बालमृत्यूचा दर मोठ्या घरांच्या तुलनेत कितीतरी जास्त दिसतो. गिरणीत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. तिच्या दुष्परिणामांची नोंद त्या काळच्या डॉक्टरांनी केली आहे. बाळंतपणासाठी आणि आजारपणासाठी गावी जाणे ही रीत केवळ भावनेची नव्हती. शहरातल्या खोलीत त्यासाठी जागा नव्हती.

खोलीच्या काटेकोर वेळापत्रकाचा भार मुख्यतः बायकांवर पडे. सर्वांच्या आधी उठून पाणी भरायचे आणि सर्वांच्या शेवटी, जमीन पुसून झाल्यावर, अंथरुणे घालायची. पुरुषांना नाका, तालीम, भजनी मंडळ किंवा युनियनचे कार्यालय अशा बाहेरच्या जागा होत्या. बाईला फार तर गॅलरी. तरुण जोडप्यांची अडचण तर सर्वांना ठाऊक असूनही कोणी न बोलण्यासारखी होती. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाचा विषयच हा आहे. लहान घरातल्या नवविवाहितांना एकांत मिळत नाही, यावर तो बेतलेला आहे. बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये त्यावरून ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट केला.

चाळीतला शेजारही सर्वांना सारखा खुला नव्हता. खोल्या जात, धर्म आणि गाव पाहून दिल्या जात. दलितांना अनेक खासगी चाळींत खोली मिळत नसे. मिळाली तर वेगळ्या चाळीत, वेगळ्या नळावर. म्हणूनच ट्रस्टच्या आणि बीडीडीच्या सरकारी चाळींना दलित कामगारांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आले.

गोठलेली भाडी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीवर पहिल्यांदा कायद्याने बंधन आले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. फाळणीनंतरच्या आणि महागाईच्या काळात या कायद्याने लाखो कुटुंबांना शहरात टिकवून धरले. पण भाडे तेच राहिल्यामुळे मालकाने दुरुस्ती सोडून दिली, नव्या भाड्याच्या चाळी बांधणे जवळजवळ थांबले आणि भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी पागडी घेण्याची पद्धत बळावली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला कायदेशीर रूप दिले.

खोलीवर याचा परिणाम वेगळाच झाला. खोली सोडली तर परत मिळणार नाही, म्हणून कोणी सोडेना. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली तरी पत्ता तोच. जी खोली एका गड्याची किंवा एका जोडप्याची होती ती तीन पिढ्यांची झाली. याच काळात पोटमाळे वाढले, गॅलरीचे कठडे पत्र्याने आणि जाळीने बंद होऊन तेवढी जागा खोलीत आली, मोरीला दार लागले. गॅलरी अशी तुकड्यातुकड्याने खाजगी होत गेली तशी सगळ्यांची मोकळी जागा आटली.

दुरुस्तीअभावी चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या. १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमले गेले. जुन्या १९,६४२ इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्तीचा खर्च भागवायचा, अशी ही योजना होती. पुढे हे मंडळ म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेचा भाग झाले.

ब्लॉक आणि ओटा

सगळ्या सोयी आत असलेल्या घराची कल्पना मुंबईत चाळीच्या जोडीनेच वाढली. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली आणि सहकारी गृहरचनेची वाट खुली झाली. दादर-माटुंगा, पार्ले आणि नंतर डोंबिवलीपर्यंत मराठी मध्यमवर्ग ब्लॉकमध्ये राहायला गेला. ब्लॉकचे मोठे आकर्षण म्हणजे स्वतःचा संडास आणि स्वतःचा नळ. चाळीतली खोली विकून किंवा पागडीने देऊन दूरच्या उपनगरात वन रूम किचन घ्यायचे, हा १९६०-७०च्या दशकांतला नेहमीचा व्यवहार होता. जागा थोडी वाढली, पण तिच्या मोबदल्यात लोकलचा दोन-अडीच तासांचा प्रवास पदरी पडला.

आतली मांडणी बदलण्यात गॅसचा वाटा मोठा आहे. १९५५च्या सुमारास मुंबईत घरगुती गॅस विकायला सुरुवात झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो चाळींतही पोचला. चूल किंवा स्टो जमिनीवर असताना स्वयंपाक बसून होई. बसलेल्या बाईभोवती पोळपाट, परात, भाजीचे ताट आणि पाण्याचे भांडे यांना चार-साडेचार फुटांची जमीन लागे. गॅसची शेगडी ओट्यावर गेली, तिच्याखाली सिलिंडर बसला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. दोन फूट रुंद ओट्यावर तेच काम मावले आणि पुढची जमीन दिवसभर मोकळी राहिली. त्या मोकळ्या जमिनीवर आधी फोल्डिंगची खाट, मग आत सामान ठेवता येणारा दिवाण आणि सोफा-कम-बेड आले. लहान घराची सोय आता माणसांच्या आणि वेळेच्या मांडणीपेक्षा वस्तूंच्या मांडणीतून होऊ लागली.

चाळीनंतर

जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप यशस्वी झाला नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पाळ्या संपल्या तसे खोलीच्या विभागणीचे घड्याळ बंद पडले. खानावळींचे गिऱ्हाईक घटले. अनेक कामगार गावी परतले आणि उरलेल्यांची मुले शहरातच वाढल्याने गावचे घर सुट्टीपुरते राहिले. खोलीचे जुने आधार असे एका दशकात ढिले झाले. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले आणि चाळीखालच्या जमिनीची किंमत चाळीपेक्षा कितीतरी पट झाली.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि पात्र झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत देण्याचे ठरले. हे माप पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. संडास, न्हाणी आणि ओटा आत असलेले हे घर कायद्याच्या दृष्टीने चाळीच्या खोलीपेक्षा निश्चितच वरचे आहे. पण अनेक पुनर्वसन इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांचे बोळ दोन्ही बाजूंच्या बंद दारांमुळे अंधारे असतात आणि उजेड-वाऱ्याच्या बाबतीत ऑर यांच्या काळातला नियमही त्यांत पाळलेला दिसत नाही. सातव्या-आठव्या मजल्यावर धान्य वाळवायला, पोरांना खेळायला किंवा म्हाताऱ्याला बसायला दाराबाहेर जागा नसते. लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा मासिक खर्च वेगळा. तेवढ्या मापाच्या घरात आता सगळे काही आतच करावे लागते.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे सोपवला गेला. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने द्यायचे, असे या योजनेचे स्वरूप आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या टप्प्यातल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (पूर्वीचा डिलाईल रोड) इथलेही काम सुरू आहे. तिथल्या कुटुंबांना जागा तिपटीने वाढून मिळते आहे आणि देखभालीचा खर्च, लिफ्ट आणि बंद दारे यांचा हिशेब त्यांना नव्याने बसवावा लागणार आहे. गिरगाव-लालबागेतल्या खासगी चाळी मालक, भाडेकरू आणि विकासक यांच्या वाटाघाटींत अडकलेल्या आहेत. त्यांतल्या अनेक खोल्यांत आजही माणसे राहतात.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून लहान घराच्या व्यवहाराबद्दल एक गोष्ट स्पष्ट होते. शंभर चौरस फुटांत संसार चालला तो फळ्या, पोटमाळे आणि घडीच्या खाटा यांच्या जोरावर कमी, आणि दारापुढच्या गॅलरीच्या, चालत जाण्याच्या अंतरावरच्या कामाच्या, शेजारच्या चुलीच्या आणि गावच्या घराच्या जोरावर जास्त. त्यातल्या नळ आणि संडासासारख्या गोष्टी खोलीच्या आत आल्या, हे रहिवाशांनी मागितले होते आणि ते योग्यच झाले. बाकीच्या गोष्टींची जागा घरांच्या नव्या आराखड्यांत अजून ठरलेली नाही. तिथे घराचे माप अजूनही दाराच्या आतल्या चौरस फुटांतच मोजले जाते.